दोन डावे पंख

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
१२ सप्टेंबर २०२४

श्री. काकासाहेब तुपे यांस,
सप्रेम नमस्कार.

पाकिटावरचं नाव पाहून हे पत्र चुलीत घालण्याआधी एवढं वाचा, की ते कामाचं आहे. मी केशव पुराणिक, देवेशचा बाप. म्हणजे गेली सात वर्षं तुमचा व्याही. या सात वर्षांत आपण एकमेकांच्या घरचं पाणीही प्यालो नाही. फोन केला असता, पण तुमच्या कानांना फोन सोसत नाही असं अप्पाराव म्हणाले. तुमच्या आळीतले अप्पाराव रोज बसने येऊन शहागंजात ज्या हार्डवेअरच्या दुकानात काम करतात, तिथं मी पॉलिश पेपर घ्यायला जातो. हे पत्रही त्यांच्याच पिशवीतून येत आहे.

तर काम असं. आपली नात मृण्मयी सहा वर्षांची झाली. (‘आपली’ लिहिताना पेन थांबलं होतं, पण आता खोडत नाही.) दिवाळीला ती आई-बाबांबरोबर बंगळूरहून इकडे येणार आहे. तिचं प्लॅस्टिकचं विमान मोडलं, तेव्हा मी फोनवर बढाई मारून बसलो की आजोबा तुला लाकडाचं, खरंखुरं उडणारं विमान करून देतील. छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. फळ्यावर खडूने काढलेलं माझं विमान कधीच पडलं नाही. हे मात्र पडलं. सागवानी पट्ट्या तासून पंख केले, गच्चीतून सोडलं, ते थेट शेजाऱ्यांच्या स्कूटरवर. आमच्या सौ. उमा म्हणाल्या, “पुढच्या वेळी नारळच फेका, निदान प्रसाद तरी मिळेल.”

अप्पाराव सांगतात की तुमच्या बांधावरची पांगाऱ्याची फांदी पडली आहे, आणि पांगाऱ्याइतकं हलकं लाकूड आपल्याकडे नाही. शिवाय लाकडाला तुमच्यासारखा हात तालुक्यात नाही, असंही म्हणाले. हातभर लाकूड मिळालं तर उपकार होतील.

लग्नाच्या दिवशीच सायली तुमच्या दारात आली तेव्हा तुम्ही तिला काय बोललात, ते मला माहीत आहे. त्याबद्दल मी काही लिहीत नाही. ते दिवाळीला येत आहेत, एवढं फक्त कामाच्या ओघात सांगितलं.

आपला,
केशव पुराणिक

*

फुलंब्री
१७ सप्टेंबर २०२४

केशवराव मास्तर यांस,
रामराम.

पत्र चुलीत घातलं नाय. आमच्याकडं गॅस आहे.

पांगारा पाठवला आहे. फांदी मागच्या साली वादळात पडली, तेव्हापासून गोठ्यात सावलीला वाळत होती. हलकी आहे म्हणून रंध्याला जोर लावू नका, धागे सुटतात. सागाचं विमान करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. साग दाराला वापरतात.

पंख कसा असतो ते नीट लिहून कळवा. मी विमान पाहिलंय ते फक्त खालून.

दिवाळीचं लिहिलंत ते वाचलं. ‘माझ्या दारात पाय ठेवायचा नाय’ असं मी बोललो होतो, साऱ्या आळीदेखत. बोललेला शब्द आम्ही गिळत नसतो. तो विषय पुन्हा काढू नये.

काकासाहेब तुपे

*

गारखेडा
२२ सप्टेंबर २०२४

श्री. काकासाहेब यांस,
सप्रेम नमस्कार.

लाकूड हातात घेतलं आणि हातात काही आहे की नाही याचीच शंका आली. उमाच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिलं, मग विश्वास बसला.

पंख कसा असतो ते विचारलंत, आता मास्तर सुटणार, सांभाळा. प्रत्येक पंख फूटभर लांब, बुडाशी चार बोटं रुंद आणि टोकाकडे निमुळता. खालून अगदी सपाट. वरून मात्र फुगीर, आणि तो फुगवटा मध्यावर नाही, पुढच्या कडेच्या जवळ. पुढची कड गोल, जाडसर. तिथून मागे उतरत उतरत मागची कड इतकी पातळ, की उन्हात धरली तर उजेड दिसावा. वारा वरून घाईने जातो, खालून सावकाश, आणि विमान उचललं जातं. हे मी मुलांना दरवर्षी सांगितलं. स्वतःच्या हाताने मात्र एकदाही केलं नाही, हे आता लक्षात येतंय.

म्हणून एक विनंती. दोन्ही पंख मी केले तर स्कूटरचं काही खरं नाही. एक तुम्ही कराल का? पुठ्ठ्याचा साचा आणि विमानाचं चित्र सोबत आहे. साचा पालथा केला की दुसऱ्या पंखाला चालतो. डावा पंख तुम्ही करा, उजवा मी करतो.

मृण्मयी काल फोनवर विचारत होती, विमानात कोण बसणार? मी म्हटलं, मुंगी. ती म्हणाली, मग दोन मुंग्या बसवा, एकीला करमणार नाही.

आपला,
केशव

*

फुलंब्री
४ ऑक्टोबर २०२४

केशवराव यांस,
रामराम.

डावा पंख पाठवत आहे. अप्पारावाला सांगितलंय, मांडीवर घेऊन बस, उभा राहिलास तर याद राख.

तुमचा पॉलिश पेपर मी वापरला नाय. आम्ही कुऱ्हाडीचा दांडा घासतो तसं केलं. रंधा मारला, मग फुटक्या काचेच्या तुकड्यानं खरवडलं. काचेची धार लाकडाचा पापुद्रा काढते, खरड काढत नाय. डोळं मिटायचं आणि बोट फिरवायचं. बोट जिथं अडलं तिथं काच लावायची. डोळा फसतो, बोट फसत नाय. तीन वेळा पंख झाला म्हणून ठेवला आणि तीन वेळा पुन्हा घेतला. घरच्यांनी, म्हणजे आमच्या सरूबाईनं, विचारलं, “एवढं काय करताव त्या फळकुटाचं?” म्हणलं, मास्तरांचं काम आहे, शाळेचं. सरूबाई हसली.

तिला वाटतं मला काहीच ऐकू येत नाय. म्हणून माझ्यासमोर बसून पोरीशी फोनवर बोलते. फोन माझ्या कानाला लावला तर मला कळत नाय, पण सरूबाईचा आवाज पार वेशीपर्यंत जातो. एका बाजूचं सगळं ऐकतो मी. पोरीच्या पोरीला भुईमुगाच्या शेंगा आवडतात. दाढ दुखली होती. आता बरी आहे.

हे पोरीला कळवू नका. सरूबाईलाही नाय.

मुंग्या दोनच बसवा. बरोबर आहे तिचं.

काकासाहेब

*

गारखेडा
९ ऑक्टोबर २०२४

प्रिय काकासाहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पंख हातात घेतला आणि सांगितल्याप्रमाणे डोळे मिटून बोट फिरवलं. कुठेच अडलं नाही. मग माझ्या पंखावरून फिरवलं, तेव्हा गारखेड्याच्या रस्त्यावरून रिक्षा चालल्यासारखं वाटलं. तुमचा एकवीस ग्रॅम भरला, माझा सत्तावीस. माझाही अर्धा दिवस काच लावून एकवीसवर आणला. उमाने दोन्ही ताटात ठेवून फोटो काढला.

आणि मग जोडायला घेतले, तर घात! दोन्ही पंख एकाच बाजूचे. दोन्ही डावे. एक उलटा करून पाहिला, तर फुगवटा खाली आणि सपाट पोट वर. असलं विमान थेट जमिनीत जाईल.

दोन दिवस मी तुम्हाला दोष दिला, हे कबूल करतो. काल चित्र पुन्हा काढून बघितलं तेव्हा कळलं. चित्रात मी विमानाचं तोंड माझ्याकडे ठेवलं होतं. वर्गात समोर मुलं असतात, तसं. माझ्या उजव्या हाताला जो पंख दिसला त्याला मी उजवा म्हणालो. तुम्ही चित्र फिरवून विमानाच्या मागे उभे राहिलात, औतामागे उभं राहतात तसे, हो ना? मग तुमचा डावा तोच माझा उजवा. विमानाच्या हिशेबाने तुम्ही बरोबर. छत्तीस वर्षं सगळ्यांकडे समोरून पाहण्याची सवय, दुसरं काय.

काकासाहेब, चूक कबूल करायला बसलोच आहे तर एक मोठी चूकही लिहून टाकतो. सात वर्षं ती माझ्या घशात आहे. देवेश आणि सायलीने नोंदणी पद्धतीने लग्न केलं, तेव्हा साक्षीदार म्हणून मी सही केली. सही करताना माझ्या मनात आलं होतं की या मुलीच्या बापाला मी भेटायला हवं. फुलंब्री काय लांब आहे? पाऊण तासाचा रस्ता. पण मी भ्यालो. तुम्ही जमीनदार घराणं, आम्ही भटजींचं, तुम्ही काय बोलाल, काय कराल. मी आपल्या मनाशी ठरवून टाकलं की तुम्ही नाहीच म्हणणार, आणि आलो नाही. तुमच्या दारात ती जे ऐकून आली त्यात माझाही वाटा आहे. पांगारा हे निमित्त होतं. तसलं हलकं लाकूड आता घरबसल्या दोन दिवसांत मागवता येतं. मला तुम्हाला पत्र लिहायचं होतं.

रागावलात तरी चालेल, पण उत्तर द्या.

तुमचा,
केशव

*

फुलंब्री
१९ ऑक्टोबर २०२४

केशवराव यांस,
रामराम.

दसरा गेला, उत्तर दिलं नाय. अप्पाराव रोज विचारत होता, काय पत्र आहे का. रोज नाय म्हणलो.

मी औतामागंच उभा राहिलो होतो. ते बरोबर ओळखलंत.

आता मी एक लिहितो. हे सरूबाईलाही ठाऊक नाय. तुम्हाला वाटतं, मला लग्न झाल्यावर कळलं. मला महिनाभर आधीच कळलं होतं. तहसीलला कामाला आलेला एक पाहुणा म्हणाला, तुमच्या पोरीचं नाव शहरात लग्नाच्या नोटिशीच्या फळ्यावर लागलंय. मी दुसऱ्या दिवशी शहरात आलो. शोधत शोधत त्या कचेरीत गेलो. फळ्यावर कागद होता. सायली काकासाहेब तुपे. पुढं तुमच्या देवेशचं नाव. तिथल्या कारकुनानं विचारलं, “हरकत घ्यायची का, बाबा? तीस दिवसाच्या आत घेता येते.”

मी म्हणलं, “नाय. वाचायला आलोय.”

तुमची जात कुठली, आमची कुठली, हे सगळं माझ्या डोक्यात आलं. खोटं कशाला सांगू. लई राग होता. पण फळ्यासमोर उभा राहिलो आणि वाटलं, पोरीनं निवडलंय तर बघून निवडलं असंल. ती लहानपणापासून वांगं घेतानाही पाच वेळा फिरवून बघायची. बसनं परत आलो. म्हणलं, ती सांगंल. मग मी थोडा ओरडीन आणि हो म्हणीन.

केशवराव, तीस दिवस मी वाट पाहिली. त्या महिन्यात ती चार वेळा घरी आली. मी समोर बसायचो, आता बोलंल, मग बोलंल. बोलली नाय. एकतिसाव्या दिवशी गळ्यात हार घालून दारात आली, तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं. लोकांना वाटलं, जातीपायी बोलला. बोलू दिलं त्यांना. बापाला पोरीनं सांगितलं नाय, हे लोकांना कसं सांगायचं?

तुम्ही घाबरून आला नाय, मी अकडून गेलो नाय. दोघंही सारखेच गाढव.

हे तिला सांगू नका. माझी शपथ आहे.

राहिलेला उजवा पंख मीच केला आहे. डाव्यापेक्षा चांगला उतरला. पण अप्पारावाकडं देणार नाय. हल्ली बसला गर्दी असते, मोडंल. पंख इथंच राहील.

काकासाहेब

*

गारखेडा
२३ ऑक्टोबर २०२४

प्रिय काकासाहेब,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. उमाला अर्धं वाचून दाखवलं, पुढचं तिने वाचलं. शपथ पाळतो. आम्हा दोघांबाहेर हे पत्र जाणार नाही. माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आहे.

तुम्ही हरकत न घेता परत गेलात. मी तुमच्या जागी असतो तर माझ्याने ते झालं नसतं. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

पण एक गोष्ट मनाला लागली. पंख अडवून ठेवलात. माझ्यावरचा राग मी समजू शकतो, पण त्यात त्या पोरीचं विमान कशाला? सोमवारी ती मंडळी येतायत. मी घाईघाईत स्वतःच एक उजवा पंख करायला घेतला आणि पुढच्या कडेचा टवका उडाला. आता एक युक्ती काढली आहे. ट्यूबलाइटचं रिकामं खोकं अप्पारावांबरोबर पाठवतो. आत कापूस भरला आहे. पंख त्यात घालून द्या, अप्पाराव खिडकीपाशी बसून आणतील. मी त्यांच्याशी बोललो आहे. कितीही गर्दी असली तरी मोडणार नाही.

कृपया नाही म्हणू नका.

तुमचा,
केशव

*

फुलंब्री
२५ ऑक्टोबर २०२४

व्याहीबुवा,

खोकं परत पाठवलं आहे.

छत्तीस वर्षं पोरांना काय शिकवलंत देव जाणे. पंख इथं आहे. बाकीचं विमान तिथं आहे. जोडायचं तर दोन्ही एका जागी पाहिजे. माझे गुडघे बसला चालत नाहीत.

यापेक्षा जास्त माझ्यानं लिहवत नाय.

काकासाहेब

*

गारखेडा
१ नोव्हेंबर २०२४, लक्ष्मीपूजन

आबा,

मी सायली. पत्र दुकानातली पूजा आटोपून घरी निघालेल्या अप्पारावकाकांकडे देतेय, संध्याकाळपर्यंत मिळेल.

आम्ही सोमवारी आलो. टेबलावर एकाच पंखाचं विमान होतं आणि बाबा त्याच्याशेजारी तोंड पाडून बसले होते. देवेशचे बाबा म्हणजे केशवराव, पण मी त्यांना बाबाच म्हणते, तुम्हाला माहीत असेल. चार दिवस विचारलं की विषय बदलायचे. आज सकाळी मला म्हणाले, “तुझे आबा माझ्यावर रागावलेत गं. पंख देत नाहीत. खोकंसुद्धा परत पाठवलं.” आणि तुमचं ते चार ओळींचं पत्र दाखवलं. आधीची दाखवली नाहीत. मागितली तर म्हणाले, ती व्याह्यांची आहेत.

मी ते पत्र वाचलं. मी म्हटलं, बाबा, तुम्ही एवढे शिकलेले, तुम्हाला हे वाचता आलं नाही? आबा रागावलेले नाहीत. आबा बोलावतायत. माझे आबा असेच बोलावतात. लहानपणी मी रुसून माडीवर जाऊन बसले की तुम्ही खाली उभं राहून आईला मोठ्यानं सांगायचात, “शेंगा भाजल्यात, पण वर कुणी नसंल, म्हशीला घालतो.”

आबा, त्या दिवशी दारात तुम्ही जे बोललात त्याचा मला राग होता. अजून थोडा आहे. पण त्याच्या आधीची चूक माझी आहे आणि ती मी कधी कबूल केली नाही. लग्नाची नोटीस दिल्यावर महिनाभर मी सांगायचं ठरवूनच घरी येत होते. चारही वेळा बसमध्ये वाक्य पाठ करायचे. घरी आले की तुम्ही स्वतः ताट वाढायचात, भाकरी चुरून द्यायचात आणि समोर बसून माझ्याकडे बघत राहायचात. तेव्हा मी पाठ केलेलं वाक्य विसरायचे. वाटायचं, यांना काहीच माहीत नाही, किती निवांत बसलेत, मी बोलले की हा माणूस ताटावरून उठेल. मग मी तशीच परतायचे आणि पूर्ण रस्ता रडायचे. तुम्ही नाही म्हणाल याची भीती नव्हती. तुम्हाला दुखावताना बघायची हिंमत नव्हती. मग न बघता दुखावलं. त्याबद्दल मला माफ करा.

उद्या पाडवा. सकाळी नऊच्या बसने मी, देवेश, मृण्मयी, देवेशच्या आई आणि बाबा, असे सगळे फुलंब्रीला येतोय. विचारत नाही, सांगतेय. तुमचा शब्द तुम्ही परत घेऊ नका, हवं तर मी अंगणातच उभी राहीन आणि विमान अंगणातच जोडू. पण मी येणार.

आणि आणखी एक. शेंद्र्याच्या एका कारखान्यात मला नोकरी मिळाली आहे. देवेशचं काम घरूनच चालतं. जानेवारीपासून आम्ही कायमचे इकडे राहायला येतोय. कागद परवाच हातात आला. देवेश सोडून हे अजून कुणालाही ठाऊक नाही. बाबांना नाही, आईंना नाही, आपल्या आईलाही नाही. ते सगळे बाहेर रांगोळी बघतायत आणि मी आतल्या खोलीत दार लावून लिहितेय.

सगळ्यांच्या आधी तुम्हाला सांगतेय, आबा.

तुमची,
सायली